समुद्राकाठचे घर

आपले धारूर बालाघाटच्या डोंगरात आहे. इथे किल्ला आहे, पण समुद्र नाही. तरी आज आम्ही समुद्राकाठच्या घराची गोष्ट सांगणार आहोत. घर कुठेही घ्या, ती उपयोगी पडेल.

आमचा एक जुना विद्यार्थी मुंबईला नोकरीला होता. त्याची बायको इथे राहून शेती पाही. मुले मुंबईतच राहिली. म्हातारपणी मुलांजवळ राहावे, असे दोघांना वाटे. पण मुंबईतले घर परवडणारे नव्हते. म्हणून त्याने अलिबागेकडे चौकशी केली.

अलिबाग हे रायगड जिल्ह्याचे मुख्य गाव. मुंबईहून पेणमार्गे रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर. पण लाँचने समुद्र ओलांडला, तर तासाभरात मांडव्याचा धक्का येतो. तिथून अलिबाग जवळ. त्यामुळे पैसेवाले मुंबईकर तिकडे घरे घेतात. भाव चढले आहेत. दलालही फार.

एका दलालाने त्याला जुने घर दाखवले. दलाल म्हणाला, "समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. आज विसार द्या. उद्या दुसरा कोणी घेईल." फंडाचा सगळा पैसा त्यात जाणार होता. त्याने सातबाऱ्याची नक्कल घरी पाठवली.

बाई त्याच वर्षी साक्षरता वर्गात शिकल्या होत्या. कागद घेऊन त्या आमच्या ओसरीवर आल्या. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागल्या. मग थांबल्या.

"गुरुजी, इकणारा एक हाय. कागदावर नावं चार हायेत. बाकीचे तिघं कुठं गेले?"

आम्ही म्हणालो, "बरोबर वाचलेत. तिघांचाही त्यात हक्क आहे. त्यांच्या सह्या हव्यात."

"आन् हितं बोजा लिव्हलंय. ते काय?"

आम्ही सांगितले, "जागेवर कर्ज आहे. ते न फेडता जागा घेतली, तर ते तुमच्या डोक्यावर येईल."

ती जागा कागदावर शेतजमीन होती. आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. हे दोघे शेतकरी होते. पण तेवढ्याने भागत नाही. तिथले घर परवानगीने बांधलेले आहे काय, हेही पाहावे लागते.

समुद्राजवळ आणखी एक कायदा आहे. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला वेगळे नियम आहेत. केंद्र सरकारने ते १९९१ साली लावले. पुढे त्यांत बदल झाले. अलिबागेजवळ किहीमला एका धनाढ्य जवाहिऱ्याचा बंगला होता. तो नियम मोडून बांधलेला होता. मार्च २०१९ मध्ये सरकारने सुरुंग लावून तो पाडला. मग गरिबाच्या घराची काय कथा?

बाईंनी लगेच फोन केला. "विसार देऊ नका," म्हणाल्या. नवरा रागावला. "दोन बुकं शिकली, आन् मला शिकवती व्हय!" पण त्याने चौकशी केली. चौघांपैकी बहिणीला विक्रीची खबरच नव्हती. पैसे वाचले.

आता आमची चूक सांगतो. आम्ही मॅट्रिक झालेलो, शाळेचे हेडमास्तर. धारुरातच एक जागा घेतली. विकणारा ओळखीचा होता. म्हणाला, पूर्वेला रस्ता आहे. आम्ही खरेदीखतात फक्त किंमत वाचली. चतुःसीमा वाचल्याच नाहीत. त्यात पूर्वेला दुसऱ्याची जागा लिहिली होती. त्याने कुंपण घातले. वाटेपुरती जागा आम्हाला पुन्हा विकत घ्यावी लागली. आम्हाला वाचता येत होते, पण आम्ही वाचले नाही. बाई नुकत्या शिकल्या होत्या, पण त्यांनी वाचले.

पुढच्या वर्षी त्या दोघांनी अलिबागेजवळच दोन खोल्यांचे घर घेतले. ते समुद्रापासून आत, गावठाणात आहे. घेण्याआधी मे महिन्यात जाऊन त्यांनी विहिरीचे पाणी चाखले. समुद्राकाठी काही विहिरी उन्हाळ्यात खाऱ्या होतात. खिडक्यांचे गज पाहिले. खाऱ्या वाऱ्याने लोखंड लवकर गंजते. छप्परही पाहिले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने त्या भागातली कितीतरी छपरे उडवली होती.

खरेदीखताच्या दिवशी बाई कचेरीत गेल्या. तिथे अंगठा सर्वांचाच घेतात. पण बाईंनी आधी सगळा कागद वाचला, मग सही केली. त्याला वेळ लागला. कारकून थांबला.

लक्षात ठेवा

१. कागद पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.
२. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर मालक किती, ते मोजावे. 'इतर अधिकार' वाचावे.
३. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे.
४. विसारपावतीने घर आपले होत नाही. खरेदीखत रजिस्टर करावे. मग आपले नाव लावून घ्यावे.
५. चतुःसीमा कागदात वाचाव्या आणि जागेवर उभे राहून पाहाव्या.

प्रश्न

१. बाईंनी सातबाऱ्यावर कोणत्या दोन गोष्टी पाहिल्या?
२. आमची चूक कोणती झाली?
३. तुमच्या घराच्या कागदावर कोणाकोणाची नावे आहेत? आज वाचून पाहा.