रेडिएटरचे पाणी जाते कोठे?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडवा यांवर लिहावे, इंजिनावर कशाला, असे कोणी म्हणेल. पण तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे आम्ही दर हंगामात सांगत असतो. आणि बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला वाफ सोडत उभा असलेला ट्रॅक्टर ते सगळे सांगणे फुकट घालवतो. ट्रॉलीत ऊस वाळतो, वजन घटते, उतारा घटतो. म्हणून हा विषय.

गेल्या उन्हाळ्यात वाहतूक कराराच्या कामाने आम्ही राजूरला (ता. वणी) गेलो होतो. राजूर म्हणजे कोळसा खाणीचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव. तेथील एका मालकाचा जुना डिझेल ट्रॅक्टर रोज दोन-अडीच लिटर पाणी मागत होता. खाली मात्र थेंब दिसेना. मिस्त्रीने हेड उतरवले, गॅसकेट बदलले, पैसे घेतले. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मालक म्हणाला, "साहेब, इंजिन पाणी खाऊन राह्यलं. आता लायनर बदला म्हणते."

इंजिन पाणी खात नाही. पाणी एक तर बाहेर जाते, नाही तर तेलात जाते, नाही तर सिलिंडरमधून धुराबरोबर जाते. चौथी वाट नाही. यांतली कोणती, हे ठरल्याशिवाय पान्हा हाती घेऊ नये.

त्याआधी पाणी खरोखर कमी होते का, तेच पाहावे. थंड पाणी उकळीपर्यंत तापले की सुमारे ४ टक्के फुगते. १२ लिटरच्या रेडिएटरमध्ये हे जवळजवळ अर्धा लिटर झाले. जुन्या गाड्यांना वेगळी बाटली नसते. तोंडापर्यंत भरले की तेवढे पाणी वरच्या नळीने बाहेर पडणारच. ड्रायव्हर रोज सकाळी तोंडापर्यंत भरतो, इंजिन रोज तेवढे फेकते, आणि मालकाला वाटते गळती आहे. थंड असताना नळ्या बुडतील इतकेच भरा, वर दोन बोटे जागा सोडा. दोन-तीन दिवस पातळी तेथेच राहिली तर गाडीला काही झालेले नाही.

नंतर झाकण. यात स्प्रिंग आणि रबरी वॉशर असते. दाब धरून ठेवला की पाणी १०० अंशांवर उकळत नाही. अर्ध्या किलोच्या झाकणाने ते ११० च्या आसपास जाते. वॉशर चिरला की दाब राहत नाही, पाणी आधी उकळते आणि चालत्या गाडीतून निघून जाते. सर्वांत स्वस्त भाग हाच, आणि सर्वांत शेवटी बदलला जातो तोही हाच! (गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आमच्या हातावर त्याची खूण आहे.)

आता बाहेरची गळती. खाली थेंब नाही म्हणजे गळती नाही, हा मोठा गैरसमज. गरम लोखंडावर पाणी पडले की वाळून जाते. पंख्याचा वारा उरलेले उडवतो. पण पाणी वाळले तरी त्यातला चुना वाळत नाही. राजूरच्या त्या ट्रॅक्टरला आम्ही टॉर्च घेऊन पाहिले, तर वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापासून ब्लॉकवर पांढरा ओघळ उतरलेला होता. ते भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गेले की पाणी तेथून येते. कोणी ते एम-सील लावून बुजवतात, मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते. सील बदलले, पाणी थांबले. हेडचा खर्च मात्र गेला तो गेलाच.

बाहेर काहीच सापडले नाही, तर तेल पाहावे. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी, सुरू करण्यापूर्वी, चेंबरचा नट हलकेच सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आधी तेच टपकते. शंका असेल तर डिपस्टिकचा एक थेंब तापलेल्या तव्यावर टाका. तडतडला तर पाणी आहे. तेल दुधाळ चहासारखे झाले असेल तर इंजिन सुरूच करू नये, ओढून न्यावे. लायनरच्या खालच्या रबरी रिंगा गेल्या असतील, किंवा हेडला तडा असेल.

हेड गॅसकेटची परीक्षा वेगळी. थंड इंजिन, झाकण काढलेले, रेडिएटर भरलेले. सुरू करून पाहत राहावे. सुरुवातीचे चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. पण ते थांबेनात, आणि थ्रॉटल वाढवला की वाढू लागले, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतो आहे. झाकण लावून सुरू केल्यावर पाणी तापण्याआधीच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तरी अर्थ तोच. थंडीच्या सकाळी दोन-चार मिनिटे निघणारी पांढरी वाफ याचा पुरावा नव्हे. मात्र सकाळी पहिल्याच सेल्फला इंजिन अडले तर जोर करू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

राहिला चुना. चुनखडीच्या पट्ट्यातले विहिरीचे, बोअरचे पाणी जड असते. आंघोळीच्या बंबात जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि लायनरभोवती चढतो. उष्णता बाहेर पडत नाही, पाणी उकळते. त्यावर हळद टाकून गळती बंद करण्याचा ड्रायव्हर लोकांचा उपाय रस्त्यात घरी पोचण्यापुरता ठीक. एरवी ती हळद बारीक नळ्याच बुजवते. डिस्टिल्ड पाणी किंवा पत्र्यावरून धरलेले पावसाचे स्वच्छ पाणी घालावे, आणि त्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कूलंट. कूलंटने लायनरला भोके पडणे कमी होते. काढलेले कूलंट गोठ्याजवळ ओतू नका. चवीला ते गोड लागते, जनावर पिते आणि मरते.

राजूरच्या मालकाने पावसाच्या पाण्याचे दोन ड्रम झाकून ठेवले आहेत. करारावर सही करताना त्याने आम्हाला ते आधी दाखवले.