आईवर मारलेला शेरा

कलकत्त्यात कार्तिकापासून माघापर्यंत धूर आणि धुके एकमेकांत मिसळून घरांच्या उंचीवर रेंगाळत असतात; कालीपूजेच्या रात्री फटाक्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली घालून दिलेली आठ ते दहाची मर्यादा आमच्या भवानीपूरच्या गल्लीत कोणी जुमानीत नाही; आणि रोज तिन्हीसांजेला खालच्या मजल्यावर नारळाच्या शेंड्यांवर टाकलेल्या धुनोचा, म्हणजे राळेच्या धुपाचा, धूर जिन्याने वर चढतो. अशा शहरात दमेकरी मुलाची आई रात्ररात्र जागी राहत असेल, तर त्या जागरणाची मीमांसा करण्यापूर्वी मुलाच्या श्वासाची नीट खातरजमा व्हावी, एवढीच माझी, माझ्या मुलाला ज्यांच्याकडे नेले त्या नामांकित बालरोगतज्ज्ञांकडून अपेक्षा होती.

पहाटे उबळ येते, छातीतून शिट्टी वाजते, मुलगा उठून बसतो, हे मी सांगत असता डॉक्टरबाबूंनी मान वर केली खरी, पण आमच्या यजमानांकडे वळून त्यांनी विचारले, "यांचा स्वभाव पहिल्यापासून असाच का?" मग खोकल्याचे पातळ औषध लिहून त्याखाली टपोऱ्या इंग्रजी अक्षरांत शेरा मारला : 'मदर ओव्हर-अँक्शस', म्हणजे आई फाजील काळजी करणारी. दुपारी छाती साफ लागली, हाच त्यांचा आधार. रात्री उठणारा दमा दुपारी पुष्कळदा मागमूसही ठेवीत नाही, ही गोष्ट त्यांना ठाऊक नसेल असे मी मानीत नाही. माझे म्हणणे ऐकून घेण्याची त्यांना निकड वाटली नाही, एवढेच. तो कागद घरात फर्मानासारखा वापरला गेला. सासूबाईंनी तो दोनदा वाचवून घेतला, आणि त्यानंतर मुलगा खोकला की सर्वांची नजर प्रथम माझ्याकडे वळू लागली. माझी भूक गेली, झोप गेली, कशातच मन रमेना. आणि त्या शेऱ्याला तेवढाच नवा दाखला मिळाला.

पुढे दुसऱ्या एका रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी मुलाच्या हाती एक नळी देऊन तीत जोराने फुंकावयास सांगितले. तिच्यावरील काटा थोडासा सरकून थांबला. मग त्यांनी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडावयाची पोकळ नळी, लावून पंपाचे औषध दिले, पंधरा मिनिटे बसवून ठेवले, आणि पुन्हा फुंकावयास लावले. या वेळी तो काटा इतका वर गेला की मुलगाच हसला. श्वासनलिका आकुंचित होत्या, औषधाने मोकळ्या झाल्या. जे मी महिनोन्‌महिने सांगत होते ते त्या काट्याने पाव तासात सिद्ध केले. त्यानंतर बाईंनी माझ्याकडे वळून विचारले, "आणि तुम्ही? तुम्हांला झोप लागते का?" हा प्रश्न मला तोवर कोणीही विचारला नव्हता. त्यांनी मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. नैराश्याचे निदान झाले, उपचार झाले, आणि त्यात लपविण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

आईचे नैराश्य आणि मुलाचा अनियंत्रित दमा यांचा संबंध अमेरिकेत बाल्टिमोरसारख्या शहरांत संशोधकांनी अभ्यासला आहे : खचलेल्या आईच्या मुलाला तातडीच्या कक्षात अधिक वेळा न्यावे लागते. पण यावरून आईला दोषी ठरविणे हा उफराटा न्याय झाला. दोघांचीही तजवीज एकाच वेळी व्हावी, हा त्याचा सरळ अर्थ. ज्या शहरात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली, आणि ज्या शहरातील एका सार्वजनिक रुग्णालयात, आजच्या आर. जी. करमध्ये, १९३३ सालीच मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग उघडला, त्या शहरात एका आईच्या मनाची चौकशी व्हावयास इतका विलंब लागावा, याचे दुःख मला अद्याप आहे.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी एक टिपणवही ठेवावी : रात्री जाग आली का, दिवसा आठवड्यातून दोनदांपेक्षा अधिक वेळा त्रास झाला का, आराम देणारा पंप तितक्यांदा लागला का, खेळणे थांबले का. मोठ्या मुलाबाबत डॉक्टर हेच चार प्रश्न विचारतात, आणि लेखी नोंदीपुढे 'घाबरट' हा शब्द टिकत नाही. प्रतिबंधक पंप मूल बरे दिसले तरी आपल्या मनाने बंद करू नये; तो घेतल्यावर चूळ भरवावी. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा; फडक्याने पुसल्यास आत विद्युत्भार येऊन औषध भिंतीला चिकटते. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, वाक्य पुरे होईना, ओठ निळसर दिसले, तर टॅक्सी बोलवावी, सल्लामसलत नंतर. शाळेने आमचा पंप कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद केला होता आणि किल्लीवाले कारकून मधल्या सुट्टीत बाहेर जात. तेव्हा पंप दप्तरातच राहील असे डॉक्टरांचे पत्र वर्षारंभीच द्यावे आणि पोच घ्यावी. घर स्वच्छ ठेवावे, आहार सकस असावा, हे सर्वजण सांगतातच.

आईने स्वतःसाठी काय करावे? रात्री वाटून घ्याव्या. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासातल्या गणेशोत्सवात ओळख झालेल्या एक वयस्क भगिनी काही रात्री माझ्या मुलाजवळ बसल्या, त्या झोपेचे ऋण मी विसरणार नाही. मन खचत चालले असेल तर १४४१६ या टेलीमानस क्रमांकावर केव्हाही, आपल्या भाषेत बोलता येते. ही सरकारी सेवा विनामूल्य आहे.

आणि डॉक्टरमंडळींना माझी विनंती आहे : आई चिंताग्रस्त दिसली तर तसे अवश्य लिहा, पण त्याखाली तिच्यासाठीही एक औषध, एक पत्ता, निदान पुढच्या भेटीची तारीख लिहा, आणि त्याआधी मुलाच्या हाती ती नळी द्या.