तुटकी बादली आणि फुटबॉल

ही 2001 सालची गोष्ट. नागपुरात पाऊस कोसळत होता. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना झोपडपट्टीतील काही मुले खेळताना दिसली. चेंडू नव्हता, एक तुटकी बादलीच ती लाथेने टोलवत होती.

अशी मुले आपणही पाहतो. चुकचुकतो आणि पुढे जातो. बारसे सर थांबले. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला. सुरुवात उपदेशाने नाही, चेंडूने झाली. त्यांच्या लक्षात आले की, मुले मैदानावर असतात तोवर वाईट सवयींपासून दूर राहतात. त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभे राहिले. पुढे ‘स्लम सॉकर’ नावाने ते देशभर ओळखले गेले आणि तिथले खेळाडू बेघरांच्या विश्वचषकात भारताकडून खेळले. 2022 सालचा ‘झुंड’ चित्रपट याच कार्यावर आधारलेला आहे.

यातून काय शिकायचे? मुले तीच होती, खेळही तोच होता. बदलली ती पाहणाऱ्याची दृष्टी. इतरांना तिथे उणीव दिसली असती. सरांना खेळाची ओढ दिसली. दया क्षणभर टिकते. रोज मैदानावर जाणे ही सेवा, आणि तिला वर्षे द्यावी लागतात.

आजचे चिंतन : माझ्या रोजच्या वाटेवर अशी ‘तुटकी बादली’ कुठे आहे? या आठवड्यात तिथे थांबा. आधी उपदेश करू नका. त्या मुलाला काय आवडते, एवढेच विचारा.