अर्थच्छटांचा अभ्यास : ‘खटपट’

‘खटपट’ या अनुकरणवाचक शब्दाचे ‘धडपड’ व ‘भांडण’ हे अर्थ आपल्याला परिचित आहेत. हाती असेल त्या वस्तूंची जोडतोड करीत राहणे, ही छटा मात्र कोशापेक्षा प्रसंगातून अधिक उलगडते.

इटलीतील अँझिओचा किनारा पाहा. जानेवारी १९४४ मध्ये तेथे उतरलेल्या अमेरिकी व ब्रिटिश फौजा मे महिन्यापर्यंत अडकून पडल्या. वरून तोफांचा मारा आणि खाली चिखलाचे खंदक. अशा वेळी काही सैनिकांनी दाढीचे पाते, पेन्सिलीतील शिसे, सेफ्टी पिन, गुंडाळलेली तार व इअरफोन एवढ्यातून रेडिओ जुळवला. बॅटरी नव्हतीच; रेडिओलहरींतील ऊर्जेवरच तो चाले. पात्यावर शिसे नेमके कोठे टेकवावे, हे मात्र पुनःपुन्हा चाचपावे लागे. खरी खटपट ती! पुष्कळदा कानी पडे ते शत्रूचेच प्रक्षेपण. त्यातील प्रचार बाजूस सारून सैनिक गाणी ऐकत.

याला ‘शोध’ म्हणावे काय? माझ्या मते नाही. स्फटिक-रेडिओचे तत्त्व जुनेच होते, आणि ‘शोध’ म्हणताच बोटांची ती चाचपणी शब्दातून निसटते.

स्वयं-अध्ययन : वरील परिच्छेदात ‘खटपट’ऐवजी ‘जुगाड’ योजून पाहा. अर्थात कोणता फरक पडतो, ते सोदाहरण लिहा.