हे कोणी ठरवलं?

प्रश्न : रोज मूठभर अक्रोड-बदाम खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, अशी बातमी वाचली आणि किलोभर अक्रोड आणले. लेक बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स शिकते. ती म्हणाली, ''आई, हा प्रयोग नाही, नुसता निरीक्षणात्मक अभ्यास आहे.'' बातमीत तर हजारो माणसं होती, खाणारे आणि न खाणारे असे दोन गट होते, वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या होत्या. मग प्रयोग आणखी वेगळा काय असतो? तो ओळखायचा कसा? आणि अक्रोड खायचे की नाही?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अक्रोडांचं शेवटी बघू. आधी लेकीचं.

माणसं किती, गट किती, नोंदी किती वर्षं ठेवल्या, यावर काहीच ठरत नाही. विचारायचं एवढंच : अक्रोड कोणी खायचे आणि कोणी नाही, हे कोणी ठरवलं? खाणाऱ्यांनी आपल्या आवडीने, खिशाकडे बघून ठरवलं आणि संशोधकाने फक्त लिहून घेतलं, तर ते निरीक्षण. संशोधकाने ठरवून दिलं, तर प्रयोग. आणि ठरवताना त्याने स्वतःची अक्कल बाजूला ठेवून चिठ्ठ्या टाकल्या, तर चांगला प्रयोग.

एवढं महत्त्व चिठ्ठीला का? अक्रोडाचा भाव तुम्ही नुकताच मोजून आला आहात. तो ज्यांना रोज परवडतो, त्यांना डॉक्टरही परवडतो. त्यांच्यापैकी बरेच जण सकाळी फिरायला जातात, तंबाखूच्या वाटेला जात नाहीत. मग त्यांचं हृदय अक्रोडाने सांभाळलं की बाकीच्या साऱ्याने? संशोधक आकडेमोड करून शिक्षण, उत्पन्न, वजन यांचा हिशोब वजा करतात. पण जे मोजलंच नाही ते वजा कसं करणार? चिठ्ठी श्रीमंत-गरीब, फिरणारे-लोळणारे असं काही बघत नाही. माणसं पुरेशी असतील तर सगळ्या तऱ्हेचे लोक दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जातात, आपल्याला ठाऊक नसलेल्या गुणांसकट.

हे कागदी भांडण नाही. याची किंमत लाखो बायकांनी मोजली आहे. अमेरिकेत १९७६ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास परिचारिकांचा मोठा अभ्यास सुरू झाला, नर्सेस हेल्थ स्टडी नावाचा. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या परिचारिकांमध्ये हृदयविकार जवळजवळ निम्म्यावर आल्याचं त्यात १९९१ पर्यंत दिसत होतं. अभ्यास उत्तम होता, माहिती देणाऱ्या स्वतः परिचारिका होत्या, म्हणजे उत्तरंही चोख. डॉक्टर हृदयासाठी म्हणून हार्मोन लिहून देऊ लागले.

मग विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाच्या अभ्यासात प्रत्यक्ष प्रयोग झाला. गर्भाशय शाबूत असलेल्या ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांमध्ये चिठ्ठीच्याच तत्त्वावर वाटणी झाली : काहींना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी, काहींना दिसायला तशीच पण आत काही नसलेली. कोणाला कोणती मिळाली हे घेणारीलाही ठाऊक नाही. साडेआठ वर्षं चालायचा प्रयोग २००२ मध्ये, सरासरी सव्वापाच वर्षांवरच थांबवावा लागला, कारण स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण ठरवून ठेवलेली धोक्याची रेषा ओलांडून गेलं. आणि हृदयविकार? कमी होणं राहिलं बाजूला, दर वर्षी १०,००० स्त्रियांमागे ३० च्या जागी ३७. वाढ लहान होती, पण दिशाच उलटी! पुढे वयाचा मुद्दा निघाला. प्रयोगातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, तर परिचारिकांनी गोळ्या बहुधा पाळी जाताजाताच सुरू केल्या होत्या. त्यामुळे सगळा दोष निरीक्षणाच्या माथी मारणं बरोबर नाही. तरी आपणहून गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच जास्त शिकलेल्या, सडपातळ आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या, ही गोष्ट उरतेच.

तब्येतीला जपणारा माणूस ही काय चीज असते, ते १९८० मध्ये छापलेल्या एका हिशोबात दिसतं. कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट या प्रयोगात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांपैकी काहींना औषध दिलं, काहींना खोटी गोळी. खोटी गोळी नेमाने घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत १५ टक्के दगावले. तीच खोटी गोळी चुकवत घेणाऱ्यांपैकी २८ टक्के. गोळीत काही नव्हतं. फरक होता तो घेणाऱ्यात. या उदाहरणात लेकीला चकवणारी एक गोमही आहे, तिला जरूर विचारा. अभ्यास चिठ्ठीचा, म्हणजे प्रयोग. पण 'नेमाने घेणारे विरुद्ध चुकवणारे' ही तुलना प्रयोग की निरीक्षण? निरीक्षण. नेम पाळायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवलं होतं. एकाच अभ्यासाच्या पोटात दोन्ही असू शकतात.

दुसरा चकवा तर परीक्षेत हमखास गुण घालवतो. 'यादृच्छिक', म्हणजे चिठ्ठी टाकून, हा शब्द दिसला की विद्यार्थी प्रयोग लिहून मोकळे होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घ्या. मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था त्याची सूत्रं सांभाळते. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत सहा लाखांहून जास्त कुटुंबं यादृच्छिक पद्धतीने निवडली होती. चिठ्ठी होती, पण कोणाच्या दारावर थाप मारायची यासाठी. कोणाच्या घरात काय शिजवायचं हे सर्वेक्षणाने ठरवलं नाही. म्हणून त्याचे आकडे देशाचं चित्र बरोबर देतात, पण कारण-परिणाम सांगायला तेवढ्याने भागत नाही.

मधल्या जातीचेही अभ्यास असतात. शिक्षकांनी 'अ' तुकडीला नवी पद्धत, 'ब' ला जुनी दिली, तर ठरवलं शिक्षकांनीच, म्हणून निरीक्षण नव्हे. पण आपल्याकडे 'अ' तुकडीत कोण बसतं हे सांगायला नको.

म्हणून निरीक्षण टाकाऊ, असं मात्र लेकीला वाटू देऊ नका. नव्याने शिकलेल्यांना ती खोड लागते. सिगारेटचा प्रयोग कोण करणार? शंभर पोरांना चिठ्ठी काढून वीस वर्षं ओढायला लावायचं? लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये छापलेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ आणि इतर आजारांचे तितकेच रुग्ण ताडून पाहिले, मग १९५१ पासून ब्रिटनमधल्या सुमारे ४०,००० डॉक्टरांच्या सवयी लिहून घेऊन त्यांचा माग ठेवला. जास्त ओढणाऱ्यांना धोका जास्त, सोडणाऱ्यांचा उतरता. गंमत म्हणजे क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यादृच्छिक वाटणी आणणारे हेच हिल. आणि शेतीच्या प्रयोगांतून ही वाटणी शास्त्रात रुजवणारे रोनाल्ड फिशर, जे स्वतः पाइप ओढत, ते म्हणत राहिले की हे नुसतं निरीक्षण आहे, कर्करोग आणि धूम्रपानाची ओढ दोन्ही आनुवंशिक असतील. फिशर यांचा आक्षेप तर्काला धरून होता. पुराव्यापुढे तो टिकला नाही.

आता अक्रोड. तुम्ही वाचलेल्या बातमीपुरतं लेकीचं बरोबर आहे. पण सुकामेव्यावर प्रयोग झालाच नाही, असं नाही. स्पेनमध्ये प्रेडिमेड नावाच्या चाचणीत हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या ७,४४७ जणांची तीन आहारांत वाटणी केली. एका गटाला रोज ३० ग्रॅम सुकामेवा, त्यात निम्मे अक्रोड. दुसऱ्याला ऑलिव्ह तेल. तिसऱ्याला चरबी कमी करण्याचा सल्ला. पहिल्या दोन गटांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी येणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्के कमी झाले, असं २०१३ मध्ये जाहीर झालं. २०१८ मध्ये तो लेख लेखकांनी मागे घेतला. एका ठिकाणी माणसागणिक वाटणी न करता अख्ख्या दवाखान्याला एकच आहार दिला होता, काही घरांत दुसऱ्या माणसालाही पहिल्याचाच आहार मिळाला होता. हिशोब नव्याने मांडून लेख पुन्हा छापला. आकडे जवळपास तेच राहिले, निष्कर्षाची भाषा मात्र जपून केली.

तेव्हा अक्रोड खा, पण फरसाणाऐवजी खा, फरसाणावर नको. स्पेनमध्ये ते भाज्या, फळं, डाळी आणि मासे यांच्या जेवणासोबत दिले होते. तुपातल्या शिऱ्यात घातलेल्या अक्रोडांचं काय होतं, यावर त्या चाचणीत काहीही नाही.