परदेशात पैसे काढताना बट्टा कुठे कुठे कापला जातो?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघे दोन महिने त्याच्याकडे जाणार आहोत. मध्ये चार दिवस स्वित्झर्लंडही बघायचे आहे. बँकेत विचारले तर म्हणाले, एटीएम कार्ड सगळीकडे चालते. तिकीट काढून देणारा म्हणतो, डॉलर घेऊन जा. मुलगा म्हणतो, काहीच आणू नका. पण दर वेळी मुलापुढे हात पसरणे आम्हाला बरे वाटत नाही. तिकडे पैसे काढताना कमीत कमी कापले जावेत म्हणून काय करावे? आणखी एक कुतूहल. माझे आजोबा निजामाच्या काळात कापूस घेऊन बार्शीला जात. तिथे हालीचे कलदार करताना बट्टा द्यावा लागे, असे ते सांगत. बँका आज कापतात तो हाच बट्टा का?
– एक वाचक, लोहा (जि. नांदेड)

उत्तर : गुरुजी, आधी तुमच्या आजोबांच्या बट्ट्याकडे वळतो. तो नीट समजला की एटीएमचा हिशेब सोपा जातो.

लोहा-कंधारचा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे नाणे वेगळे होते, हाली सिक्का. बार्शी आणि सोलापूर इंग्रजी अमलाखाली, तिथे कलदार रुपया चाले. सात हाली म्हणजे सहा कलदार असा सरकारी भाव होता. शंभर कलदार हवे असतील तर ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै मोजायचे. हा भाव कोणी मनाने ठरवलेला नव्हता. हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅम वजनाचा आणि त्यात चांदी ८१.८ टक्के. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात चांदी जवळपास ९१.७ टक्के. दोन्हींतल्या चांदीचा हिशेब करून पाहा, गुणोत्तर सातास सहाच्या अगदी जवळ येते. म्हणजे आजोबांना सातांचे सहा मिळाले, त्यात कोणी त्यांना लुबाडले नव्हते. तो दर होता. त्या दरावर सराफाने स्वतःसाठी जे काही ठेवून घेतले असेल, तो बट्टा.

आजही हे दोन वेगळे काढता आले पाहिजेत. युरोसाठी जास्त रुपये द्यावे लागतात हा दर झाला, त्यावर आपला इलाज नाही. बट्टा मात्र बराचसा टाळता येतो. अडचण इतकीच, की पूर्वी तो सराफाच्या पेढीवर डोळ्यांदेखत कापला जाई आणि आता चार वेगवेगळ्या जागी कापला जातो, त्यांतल्या काही जागा तर पावतीवरही दिसत नाहीत.

तुम्ही जर्मनीतल्या मशीनमध्ये कार्ड घातले, की ती मशीन ज्या बँकेची आहे ती व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून तुमच्या बँकेला विचारते : या खात्यात इतके पैसे आहेत का? तुमची बँक काही सेकंदांत होकार देते आणि तुमच्या हातात युरो येतात. तिकडच्या बँकेला ते युरो नंतर जाळ्यामार्फत मिळतात, तुमच्या खात्यातून रुपये जातात. त्या दिवशीचा दर जाळे चालवणारी कंपनी ठरवते. हा दर घाऊक बाजाराच्या बराच जवळचा असतो आणि या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही बघता येतो. हा दर तुमचा सात-सहा. याच्यावर जे काही जाईल ते बट्ट्यात धरा.

पहिली कात्री तुमच्या स्वतःच्या बँकेची. भारतातल्या बहुतेक बँका परदेशी व्यवहारावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप, म्हणजे दरावर जादा आकार, लावतात. शिवाय प्रत्येक वेळी पैसे काढल्याचे १०० ते १५० रुपये आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. हिशेब सोपा जावा म्हणून एक युरो १०० रुपयांचा धरू. शंभर युरो काढले तर मार्कअप ३५० रुपये, त्यावर जीएसटी ६३. ठरावीक शुल्क १२५ धरले तर करासह १४७ रुपये ५० पैसे. दहा हजारांमागे ५६० रुपये गेले.

दुसरी कात्री मशीनच्या मालकाची. अमेरिकेत साधारण तीन ते पाच डॉलर लागतात, थायलंडमध्ये परदेशी कार्डामागे कित्येक वर्षे २२० बाट घेतले जात, जर्मनीतल्या अनेक मशीनही परदेशी कार्डाकडून काही युरो घेतात. ही रक्कम पडद्यावर आधी दाखवली जाते. ती जास्त वाटली तर व्यवहार रद्द करून दुसरीकडे जाता येते, काही कापले जात नाही. स्टेशनावर आणि पर्यटनस्थळी सुट्या उभ्या असलेल्या मशीनपेक्षा बँकेच्या शाखेला लागून असलेली मशीन बहुधा स्वस्त पडते.

आता या दोन्ही कात्र्या एकत्र बघा. पाच युरो घेणाऱ्या मशीनवर शंभर-शंभर युरो पाच वेळा काढले तर बट्टा सुमारे ५,३०० रुपये होतो. तेच पाचशे युरो एकदम काढले तर सुमारे २,७००. खिशात जास्त पैसे बाळगायची धास्ती वाटते म्हणून माणसे थोडे थोडे काढतात आणि नाकापेक्षा मोती जड होतो. पण तुम्ही मुलाच्या घरी उतरणार आहात, हॉटेलात नाही. एकदम काढून घरी ठेवायला तुम्हाला हरकत नसावी.

तिसरी कात्री सगळ्यांत वाईट, कारण ती मदतीच्या आवाजात बोलते. पैसे काढताना मशीन विचारते, 'तुमच्या खात्यातून रुपयांत रक्कम वजा करू का?' सोबत रुपयांचा पक्का आकडाही दाखवते. आपल्या ओळखीचे चलन दिसल्यावर हायसे वाटते आणि बोट 'होय'कडे जाते. तिथे 'होय' म्हणू नका. त्या आकड्यात मशीनवाल्याने स्वतःचा दर लावलेला असतो, आणि तो जाळ्याच्या दरापेक्षा बरेचदा पाच-सात टक्क्यांनी, कधी त्याहूनही जास्त महाग असतो. आणखी जाच असा, की परदेशात रुपयांत केलेल्या व्यवहारावरही आपल्याकडच्या कित्येक बँका स्वतःचे वेगळे शुल्क घेतात. पडद्यावर 'डिक्लाइन कन्व्हर्जन' किंवा 'विदाउट कन्व्हर्जन' असे बटन असेल, ते दाबा. 'डिक्लाइन' वाचून व्यवहारच रद्द होईल असे वाटते, पण तसे होत नाही. युरो मिळतात, फक्त दर जाळ्याचा लागतो. दुकानात कार्ड वापरतानाही हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच : युरोत घ्या. तुमच्या पत्नींनाही हे आधीच सांगून ठेवा, कारण मशीनसमोर मागे रांग असली की घाई होते.

चौथी कात्री चुकीच्या चलनाची. तिकीटवाल्याने सांगितलेले डॉलर जर्मनीत नेऊ नका. रुपयाचे डॉलर करताना एकदा बट्टा, तिथे डॉलरचे युरो करताना पुन्हा बट्टा. स्वित्झर्लंडमध्ये युरो नाही, फ्रँक चालतो. म्हणून फॉरेक्स कार्डात, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डात, युरो भरून ते स्वित्झर्लंडमध्ये वापरले तर चलनबदलाचे शुल्क पुन्हा लागते. चार दिवसांसाठी तिथे थेट बँकेच्या कार्डानेच पैसे द्यावेत, रोख फ्रँक फार लागत नाहीत.

आता तुम्ही नेमके काय करावे. तुमच्या जागी मी फॉरेक्स कार्ड घेतले नसते. ज्यांना हॉटेलांत राहायचे आहे, रोज खर्च आहे, त्यांना ते सोयीचे असते, पण त्यात भरताना दर बाजारापेक्षा चढा लागतो आणि प्रत्येक वेळी रोख काढताना साधारण दीड युरो किंवा दोन डॉलर जातात. तुमचा खर्च मुलाच्या घरचा. तुम्हाला हवी आहे थोडी रोकड आणि एक स्वस्त कार्ड. काही बँका परदेशी व्यवहारावर मार्कअप न लावणारी डेबिट कार्डे देतात. असे खाते दोन-तीन महिने आधी उघडा, त्यात लागेल तितकीच रक्कम टाका आणि पेन्शनच्या खात्याचे कार्ड घरीच ठेवा. खाते उघडताना 'परदेशात कार्ड चालेल का?' एवढे विचारून थांबू नका. मार्कअप किती, पैसे काढण्याचे शुल्क किती, हे आकड्यांत आणि लेखी मागा. मार्कअप शून्य झाला की वरच्या पाचशे युरोच्या हिशेबातले दोन हजारांहून अधिक रुपये वाचतात.

तुमचे खाते जिल्हा बँकेत किंवा ग्रामीण बँकेत असेल तर एक गोष्ट आधी पाहा. अशा बँकांची बहुतेक रुपे कार्डे देशातच चालतात. आणि कार्ड कोणतेही असो, ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवी कार्डे परदेशी वापरासाठी बंदच दिली जातात. ती तुम्हाला बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन सुरू करावी लागतात. 'एटीएम' आणि 'दुकान' यांची बटने वेगळी असतात, दोन्ही बघा. निघण्याआधी आठ दिवस हे करा, विमानतळावर नको. क्रेडिट कार्डाने रोख काढूच नका. साधारण अडीच टक्के शुल्क लागते, त्यालाही किमान मर्यादा असते, आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते.

रोकड म्हणून तीनशे-चारशे युरो इथूनच न्या. जर्मनीत छोट्या बेकऱ्यांत आणि आठवडी बाजारात अजून रोखीने व्यवहार होतात. लोह्याच्या शाखेत युरो तयार मिळणे कठीण, म्हणून नांदेडला किंवा हैदराबादला आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवा. प्रवासाच्या साठ दिवस आधीपर्यंत चलन घेता येते. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन लागेल. रुपये रोख देणार असाल तर मर्यादा ५० हजारांची, त्यापुढे चेक किंवा ऑनलाइन. नोटा प्रत्येकी तीन हजार डॉलरच्या मोलापर्यंत नेता येतात, तुम्हाला तितके लागणार नाही. चाळीस हजारांच्या युरोवर जीएसटी ७२ रुपयेच होतो, त्यामुळे कराची काळजी करू नका, दराची करा. 'कमिशन शून्य' अशी पाटी पाहून हुरळू नका, कारण दर चढवला की कमिशनची गरज राहत नाही. दोन-तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारा : चारशे युरो हातात पडायला सगळे धरून किती रुपये द्यायचे? ज्याचा आकडा कमी तो स्वस्त. विमानतळावरच्या खिडकीचा दर बहुधा सर्वांत महाग. नोटा दहा, वीस, पन्नासच्या मागा. पाचशे युरोची नोट युरोपीय मध्यवर्ती बँकेने २०१९ पासून काढणे थांबवले आहे. ती चलनात आहे, पण दुकानदार ती घेताना कुरकुर करतात.

मुलाचे म्हणणे एका अर्थाने सर्वांत शहाणे आहे. तो युरोत कमावतो, त्याने तुमच्यासाठी युरोत खर्च केला तर कुठेच चलन बदलत नाही आणि बट्टाही नाही. तुम्हाला ओशाळे वाटत असेल तर त्याच्या भारतातल्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या रुपया खात्यात, तुम्ही रुपये जमा करू शकता. रिझर्व्ह बँकेच्या नियमात आईवडिलांनी अनिवासी मुलाला अशी भेट देणे बसते.

पण यातूनच निघणारी एक पळवाट गावोगाव चालते, तिच्यापासून दूर राहा. 'तुमच्या शेजाऱ्याला इथे रुपये द्या, त्याचा पुतण्या तिकडे तुम्हाला युरो देईल.' दर चांगला मिळतो, ओळखीची माणसे असतात, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. हे परकीय चलन कायद्याचे, म्हणजे फेमाचे, उल्लंघन ठरते आणि दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटपर्यंत होऊ शकतो. हजार-दोन हजार रुपयांसाठी निवृत्त माणसाने ही जोखीम घेऊ नये, हे मी कळकळीने सांगतो.

तुमच्या पत्राच्या निमित्ताने इतरांसाठी दोन शब्द. हज-उमराहला जाणाऱ्यांना तीन हजार डॉलरच्या रोखीची मर्यादा लागू नाही, त्यांना परवानगी असलेली पूर्ण रक्कम किंवा हज समितीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतची रक्कम रोख नेता येते. नेपाळला पशुपतिनाथाला जाणाऱ्यांना मार्च २०२४ पासून तिथल्या अनेक दुकानांत आपल्याच यूपीआयने पैसे देता येतात, एटीएमची वाट फारशी धरावी लागत नाही.

परत आल्यावर युरो उरले तर १८० दिवसांत बदलून घ्या. दोन हजार डॉलरच्या मोलापर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी घरी ठेवायलाही परवानगी आहे, आणि नातवंडे तिकडे असतील तर पुढचा प्रवास होणारच. नाणी मात्र इथे बदलून मिळत नाहीत, ती निघताना मुलाकडेच ठेवून या.