पुस्तकात वाईट शब्द आला तर?

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला सगळ्यांची पोरं सोबत आलेली. इकडं बचत, हप्ते, पासबुकं आणि तिकडं पोरांचा नुसता गोंधळ. म्हणून मी एक चित्रांचं पुस्तक घेतलं आणि त्यांना वाचून दाखवायला बसले. तिसऱ्या पानावर कोल्हा गाढवाला "ए लंगड्या" म्हणतो. मी आपली कोल्ह्याचा आवाज काढून झोकात वाचलं. पोरं खदखदून हसली, आणि हसता हसता सगळ्यांच्या माना एकाच पोराकडं वळल्या. त्याचा एक पाय जन्मापासून अधू आहे. त्याची आई समोर नोटा मोजत होती, तिचं मोजणं थांबलं.

सह्या घ्यायच्या होत्या म्हणून मी तिथंच पुस्तक मिटलं.

घरी येऊन ते पुन्हा चाळलं. पुढं पूर येतो, आणि तेच गाढव कोल्ह्याला पाठीवर घेऊन ओढा पार करतं. म्हणजे लेखकानं तो शब्द उगाच घातला नव्हता. मी मात्र पोरांना नुसता शब्द दिला, गोष्ट दिलीच नाही!

म्हणून पुस्तक हातात घेतलं की आधी आपण एकट्यानं शेवटपर्यंत वाचायचं. वाईट शब्द दिसला तर तो कोण बोलतंय ते बघायचं. गोष्टीतला कोल्हा बोलत असेल आणि पुढं त्याला त्याची चूक कळत असेल, तर ते पुस्तक चालतं. पण गोष्ट सांगणाराच काळ्या रंगाला, जाडीला, कुणाच्या जातीला किंवा व्यंगाला हसत असेल, तर ते पुस्तक बाजूला ठेवलेलं बरं. दोन-तीन वर्षांच्या लेकराला अर्थ कळत नाही, पण कशावर सगळे हसले ते पक्कं कळतं. हसू मिळालं की तो शब्द ते दहादा म्हणणार. तिथं ओरडूही नका, हसूही नका, वाचत पुढं जा.

शब्दच बदलून टाकावा का? इंग्लंडमध्ये २०२३ साली यावर मोठा वाद झाला. रोआल्ड डाल हे मुलांचे नावाजलेले लेखक. त्यांच्या पुस्तकांतले 'जाड्या'सारखे शब्द प्रकाशकानं नव्या आवृत्तीत बदलले. लोक भडकले, तेव्हा जुन्या शब्दांची पुस्तकंही चालू ठेवू असं प्रकाशकाला सांगावं लागलं. माझं मत विचाराल तर, लहानग्याला वाचताना शब्द गाळला तरी चालतो. पण तिसरी-चौथीतलं पोर शेजारी बसलं असेल तर गाळू नका. ते लगेच बोट ठेवून विचारतं, "आई, हे का सोडलं?" मग तोच शब्द त्याला जास्त गोड लागतो.

आणि खरं सांगायचं तर पुस्तकाला किती बोल लावायचा? पोरांच्या तोंडातल्या निम्म्या शिव्या ओट्यावरून आणि पारावरून आलेल्या असतात, त्याही आई-बहिणीवरूनच. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. दिव्यांग माणसाला चारचौघांत मुद्दाम अपमानित करणं हा तर २०१६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मोठ्यांना लागू, पण घरात सांगून ठेवा.

या महिन्यात वाचण्याआधी मी त्या पोराच्या आईला विचारलं, "ते पान सोडू का?" ती म्हणाली, "सोडू नका ताई. गल्लीत तो रोज तेच ऐकतोय. या खेपेला ओढ्यापर्यंत वाचा." वाचलं. "लंगड्या" आल्यावर थांबून पोरांना विचारलं, गाढवाला कसं वाटलं असेल? कुणीच हसलं नाही. मग तोच पोरगा म्हणाला, "राग आला असंल." आणि ओढ्याचं पान त्यानं दोनदा वाचायला लावलं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातलं किंवा अंगणवाडीतलं एक चित्रांचं पुस्तक आणा, शेवटपर्यंत वाचून. खटकलेल्या पानात कागदाची खूण घाला. आधी हिशोब उरकू, मग पुस्तकं उघडू.